कँडलचं कूळ

पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात शेअर बाजार शिकवणारे क्लास गल्लोगल्ली निघाले आहेत. त्यातल्या कुठल्याही क्लासमध्ये कँडलस्टिकचा, म्हणजे भाव दाखवणाऱ्या मेणबत्तीसारख्या आकृतीचा, विषय निघाला की मुनेहिसा होम्मा हे नाव येतंच. अठराव्या शतकातला हा जपानी तांदूळ व्यापारी. त्याने कँडल शोधून काढली, तिच्या जोरावर लागोपाठ शंभर सौदे नफ्यात केले, अमाप पैसा मिळवला आणि ती विद्या गुप्त ठेवली, अशी ती कथा. ऐकणाऱ्याच्या मनात साहजिकच एवढंच उरतं, की या लाल-हिरव्या आकृत्यांत कुणा बुद्धिमान माणसाने दडवून ठेवलेली किल्ली आहे, आणि ती हाती लागली की बाजार आपला.

या कथेतला माणूस खरा आहे, बाजार खरा आहे, पैसाही खरा आहे. पण कँडल त्याची नाही. ती कुणा एकाचीच नाही. अनेक पिढ्यांतल्या अनेक हातांनी थोडीथोडी घडवलेली ती भाव नोंदवायची रीत आहे. हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण कँडलकडे मंत्र म्हणून बघणारा आणि नोंद म्हणून बघणारा, हे दोघं एकाच चार्टवर वेगवेगळं वाचतात. आपल्याकडे आज पहिल्या प्रकारचं वाचन जास्त चाललं आहे.

सुरुवात ओसाकात होते. तोकुगावा काळातल्या जपानात सरंजामदारांचा सारा तांदळात गोळा व्हायचा आणि सामुराईंचं वेतनही तांदळातच ठरायचं. एखाद्या सरदाराची पत सांगायची तर त्याचा मुलूख किती कोकू तांदूळ पिकवतो, ते सांगायचे. एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. पण कापडचोपड, शस्त्रं, एदो शहरी शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, दरबारातली हजेरी यांना रोकड लागते, आणि रोकड मिळवायची तर तांदूळ विकायला हवा. म्हणून ठिकठिकाणचा तांदूळ जहाजांनी ओसाकाला यायचा. तिथे सरंजामदारांनी नदीकाठी गोदामं बांधली होती. व्यापारी लिलावात तांदूळ घ्यायचे, पैसे भरायचे आणि त्याबदल्यात त्यांना गोदामाची पावती मिळायची. तांदूळ गोदामातच राहायचा आणि पावती या हातातून त्या हातात फिरायची. पुढे पुढे अजून शेतात उभ्या असलेल्या पिकाच्याही पावत्या निघू लागल्या.

हा व्यवहार आधी योदोया नावाच्या बड्या व्यापारी घराण्याच्या दारासमोर चालायचा. १६९७ साली तो ओसाकातल्याच दोजिमा या भागात गेला. १७०५ मध्ये शोगुनच्या सरकारने योदोयांची सगळी मालमत्ता जप्त केली. व्यापाऱ्याने आपल्या पायरीपेक्षा जास्त थाटात राहावं, हे सत्तेला खपलं नाही. बाजार मात्र टिकला. पुढे नवी जमीन लागवडीखाली आली, तांदळाचा भाव पडत गेला आणि तांदळात वेतन घेणारे सामुराई अडचणीत आले. योशिमुने हा त्या वेळचा शोगुन. तांदळाच्या भावाची त्याने इतकी चिंता वाहिली की लोक त्याला तांदळाचा शोगुन म्हणू लागले. भाव सावरायला उलाढाल वाढलेली बरी, असा हिशेब करून १७३० साली त्याच्या सरकारने दोजिमाच्या बाजाराला मान्यता दिली. त्यात पावत्यांचे रोखीचे सौदे होतेच, शिवाय नुसते वहीवर मांडलेले वायद्याचे सौदेही होते. वायद्याच्या या सौद्यांत तांदूळ हलायचाच नाही. मुदत संपली की फरकाची रक्कम चुकती व्हायची. आज मुंबईत बसून निफ्टीचा वायदा करणाऱ्याला यातलं काहीच परकं वाटू नये.

दोजिमातली एक व्यवस्था कँडलच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाची वाटते. बाजार कधी बंद झाला, हे ठरवायचं कसं? सगळे ओरडताहेत, हातांनी खुणा करताहेत, आणि शेवटचा भाव लावून घ्यायला प्रत्येक जण टपलेला. त्यावर त्यांनी उपाय काढला होता. तोड्याच्या बंदुकीला असतो तसा दोरीचा तोडा पेटवून टांगायचा. तो जळून विझला की त्या क्षणाचा भाव हा दिवसाचा बंद भाव. तोडा विझल्यावरही सौदे करत राहणाऱ्यांना पांगवायला पाणी शिंपडणारी माणसं नेमलेली होती. म्हणजे बंद भाव ही आपोआप घडणारी गोष्ट नव्हती. बाजाराने एकमताने ठरवलेला, सगळ्यांना बांधील असलेला तो एक क्षण होता. दिवसाचा हिशेब त्यावर व्हायचा, आणि ओसाकाचा भाव परगावी कळवायचा तर तोही ठरलेला भाव असावा लागतो. पुढे डोंगरमाथ्यांवरून निशाणं हलवून हे भाव शेजारच्या शहरांपर्यंत काही मिनिटांत पोचवले जाऊ लागले.

आपल्याकडेही 'क्लोज' ही ठरवलेलीच गोष्ट आहे. एनएसईवर कित्येक वर्षं समभागाचा अधिकृत बंद भाव म्हणजे साडेतीनच्या ठोक्याला झालेला शेवटचा सौदा नव्हता. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची, संख्येप्रमाणे वजन देऊन काढलेली सरासरी म्हणजे बंद भाव, असा नियम होता. उघडण्याच्या भावासाठी २०१० पासून सव्वानऊच्या आधी वेगळं सत्र असतं. त्यात आलेल्या ऑर्डर एकत्र जुळवून पहिला भाव काढला जातो. कँडलच्या बॉडीची, म्हणजे मधल्या जाड भागाची, दोन्ही टोकं (उघडण्याचा आणि बंद भाव) अशी नियमांनी बांधलेली आहेत. चार्ट दाखवणारं एखादं ॲप शेवटच्या सौद्याचा भाव धरतं आणि एक्स्चेंज नियमाने ठरलेला. कधी कधी त्या एवढ्याशा फरकाने बारीक लाल कँडल बारीक हिरवी होते. अशा कँडलच्या रंगावरून सौदा टाकणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

आता होम्मा. साकाता हे जपानच्या वायव्य किनाऱ्यावरचं बंदर, मोगामी नदीच्या मुखाशी. १६७२ मध्ये पश्चिम किनाऱ्याने ओसाकाकडे जाणारा सागरी मार्ग नीट बांधून दिला गेला आणि साकाता भरभराटीला आलं. होम्मा हे तिथलं सर्वांत श्रीमंत घराणं. त्यांच्या वैभवापुढे तिथले सरदारही फिके, अशा अर्थाचं लोकगीत त्या भागात प्रसिद्ध होतं. या घराण्यात १७२४ च्या सुमारास मुनेहिसा जन्मला आणि १८०३ मध्ये वारला. तांदळाच्या बाजारात त्याने मोठी कमाई केली, त्याच्या नावाने बाजारावरची वचनं सांगितली जातात, आणि साकाता ते ओसाका या सबंध वाटेवर निशाणं घेतलेली माणसं त्याने उभी केली होती, अशी आख्यायिका आहे. शंभर सौद्यांची गोष्टही आख्यायिकाच.

त्याच्या नावावरच्या वचनांत भर कशावर आहे? पीकपाणी, हवामान, ऋतू आणि बाजारातल्या माणसांचं मन. सगळे मंदी बोलू लागले की तेजीचं कारण तयार होत असतं आणि सगळे तेजी बोलू लागले की मंदीचं, हा त्याचा सूर. धीर धरण्यावर त्याचा विलक्षण भर आहे. आकृत्यांवर नाही. कँडलस्टिक पाश्चात्त्य जगात नेणारा स्टीव्ह निसन यानेही नंतर स्पष्ट लिहिलं, की होम्माने कँडलचा चार्ट वापरला असण्याची शक्यता कमीच आहे, आणि कँडल बहुधा मेइजी काळाच्या सुरुवातीला, म्हणजे १८६८ नंतर घडली. जगभर कँडलचा प्रसार ज्याच्यामुळे झाला त्यानेच हे लिहून ठेवलं आहे. तरीही क्लासमधली कथा बदलत नाही, कारण ती विकायला सोपी आहे.

कँडल घडली कशी, ते पायरीपायरीने बघण्यासारखं आहे. निसनने जपानी पुस्तकांच्या आधारे तो क्रम दिला आहे. आधी नुसते बंद भाव एकमेकांना जोडणारी रेघ होती. मग दिवसाचा उच्चांक आणि नीचांक जोडणारी उभी काठी आली. पुढे त्या काठीवर उघडण्याचा भाव आडव्या रेघेने आणि बंद भाव बाणाच्या टोकाने दाखवू लागले. बंद भाव वर असेल तर बाण वर, खाली असेल तर खाली. ही आकृती जहाजाच्या नांगरासारखी दिसायची, म्हणून तिला नांगराचंच नाव पडलं. व्यापारी बंदरात वावरणारे असल्याने त्यांना ती उपमा सुचली असावी. शेवटच्या पायरीवर कुणीतरी उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव यांच्यामधली जागा चौकोनाने भरून टाकली. वाढीचा दिवस रिकामा किंवा लाल, पडझडीचा दिवस काळा. जपानमध्ये आजही वाढ लाल रंगात दाखवतात. आपल्याकडे वाढीला हिरवा आणि पडझडीला लाल रंग आला तो पाश्चात्त्य वळणाने.

या शेवटच्या पायरीने आकड्यांत काहीही भर पडली नाही. नांगरातही तेच चार भाव होते. बदललं ते इतकंच, की दिवसाचा निकाल आता लांबून, एका नजरेत दिसू लागला. उघडल्यापासून बंद होईपर्यंत कोण कुणाला किती रेटू शकलं ती बॉडी, आणि रेटून नेलं पण टिकवता आलं नाही ती वात. कँडल एवढंच सांगते, आणि हे थोडंथोडकं नाही.

पण ती काय सांगत नाही, तेही बघायला हवं. समजा एखादा शेअर ५०० ला उघडला, दिवसभरात ५१० चा उच्चांक आणि ४९० चा नीचांक करून ५०५ ला बंद झाला. तो आधी ५१० ला गेला आणि मग कोसळून परत वर आला, की आधी ४९० ला पडला आणि मग चढत गेला? कँडल दोन्ही वेळी हुबेहूब तीच. पहिल्या प्रकारात वरच्या भावात घेणारे अडकले आहेत, दुसऱ्या प्रकारात शेवटच्या तासापर्यंत खरेदी चालू आहे. पुढच्या सकाळसाठी या दोन पूर्ण वेगळ्या परिस्थिती आहेत, आणि कँडल त्यांना एकच रूप देते.

पॅटर्नला नावं देण्याची परंपराही या नोंदीतूनच आली. जपानी व्यापाऱ्यांनी ती आपल्या जगातून घेतली: पहाटेचा तारा, संध्याकाळचा तारा, काळा ढग, गुळगुळीत केलेलं डोकं, पोटुशी बाई, तीन सैनिक. साकाता गावाच्या नावाने पाच पद्धती सांगितल्या जातात: तीन डोंगर, तीन नद्या, तीन खिंडी, तीन सैनिक आणि तीन रीती. पहिल्या चारांत आकृत्या आहेत. पाचवीचा संबंध वागण्याशी आहे. घेणं, विकणं आणि थांबणं या बाजारातल्या तीन रीती. थांबण्याला सौद्याइतकाच दर्जा देणारी ही परंपरा आहे. आपल्याकडच्या शिकवणीत पहिल्या चारांवर तासन्‌तास जातात आणि पाचवी एका वाक्यात उरकतात, याचं मला वाईट वाटतं.

आकृतीचं नाव आणि तिचा अर्थ यांचं नातं नेमकं कसं आहे, ते हॅमर आणि हँगिंग मॅन या जोडीइतकं दुसरं काही दाखवत नाही. दोन्हींची बांधणी एकच: वरच्या टोकाला लहान बॉडी, खाली बॉडीच्या निदान दुप्पट लांब वात, वर वात नाही किंवा नावापुरती. बॉडीचा रंग दुय्यम. ही आकृती बराच काळ भाव पडल्यावर आली तर ती हॅमर, म्हणजे उलट फिरण्याची शक्यता. बराच काळ भाव चढल्यावर आली तर तीच हँगिंग मॅन, म्हणजे सावध. पारदर्शक कागदावर दोन्ही काढून एकावर एक ठेवल्या तर तसूभर फरक दिसायचा नाही. आकृतीत अर्थ असता तर दोन नावं लागली नसती. अर्थ तिच्या मागे काय झालं त्यात आहे.

आणि पुढे काय झालं त्यातही. हॅमरबद्दलचा तर्क सरळ आहे: विक्रेत्यांनी भाव खोल नेला, पण दिवस संपेपर्यंत घेणाऱ्यांनी तो परत आणला. हँगिंग मॅनचा तर्क तसा सरळ नाही. खालून वर आलेला दिवस वाईट का मानायचा? निसनचं स्पष्टीकरण असं, की त्या दिवशी वरच्या भावात घेतलेले लोक दुसऱ्या दिवशी भाव खाली बंद झाला तर वर लटकतात आणि बाहेर पडायची घाई करतात. म्हणून हँगिंग मॅनला तो दुसऱ्या दिवसाची पुष्टी मागतो, पुढची कँडल त्या बॉडीच्या खाली बंद व्हायला हवी. ही अट गाळून नुसती आकृती दिसली की शॉर्ट मारणारे, म्हणजे भाव पडेल या भरवशावर आधी विकणारे, किती तरी आहेत. थॉमस बुल्कोव्स्की या अमेरिकी अभ्यासकाने हजारो कँडल मोजून पाहिल्या, तेव्हा हँगिंग मॅननंतर भाव निम्म्याहून जास्त वेळा वरच गेलेला आढळला. ज्या नावाला लोक सर्वांत घाबरतात त्याची ही अवस्था.

नोंदीचा आणखी एक पाया आहे, काळ कुठे कापला हा. ५०० ला उघडलेला, ४८० पर्यंत पडून ५०३ चा उच्चांक करून ५०२ ला बंद झालेला दिवस घ्या. घसरणीनंतर आला तर रोजच्या चार्टवर हा चोख हॅमर आहे. आता तोच दिवस दुपारी दोन भागांत कापा. पहिल्या भागात ५०० ला उघडून ४८० चा नीचांक आणि ४८२ वर बंद, लांब लाल कँडल. दुसऱ्या भागात ४८१ ला उघडून ५०२ ला बंद, पहिलीला पुरती पोटात घेणारी हिरवी कँडल, म्हणजे बुलिश एन्गल्फिंग. पंधरा-पंधरा मिनिटांवर कापला तर कदाचित सकाळी तीन काळे कावळे आणि दुपारी तीन पांढरे सैनिक सापडतील. बाजारात एकच घटना घडली. नावं तीन-चार पडली. एकाच घटनेला तीन टाइमफ्रेमवर बघून 'तिन्हींकडून सिग्नल मिळाला' म्हणणारा माणूस एकच साक्षीदार तीनदा उभा करतो आहे.

आपल्या बाजाराची वेळ सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे ३७५ मिनिटं. तासाचा चार्ट लावला की सहा कँडल पुऱ्या तासाच्या आणि शेवटची फक्त १५ मिनिटांची. तिची बॉडी लहान असणारच, व्हॉल्यूमही कमी दिसणारच. तिला डोजी, म्हणजे जवळजवळ बॉडीच नसलेली कँडल, समजून दुसऱ्या दिवशीचे बेत आखणं म्हणजे घड्याळाची अडचण बाजाराच्या माथी मारणं. इथले काही ट्रेडर म्हणूनच ७५ मिनिटांची कँडल वापरतात. ३७५ चे पाच समान भाग पडतात आणि एकही तुकडा उरत नाही. क्लासमध्ये याला फार कुणी किंमत देत नाही, पण नोंद कशी बनते हे समजलेल्या माणसाचीच ही खूण आहे. चोवीस तास चालणाऱ्या क्रिप्टोत तर दिवस संपतच नाही. तिथे बहुतेक चार्ट जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला दिवस कापतात. त्या क्षणी कुठलाच तोडा विझत नाही, कुणाचा हिशेब बंद होत नाही, कुणी घरी जात नाही. दोजिमातल्या बंद भावामागे जी गरज होती ती तिथे नाही, आणि रात्रभर साचलेल्या बातमीने सकाळी पडणारी गॅप तर तिथे जवळजवळ नसतेच. गॅपवर उभे असलेले पॅटर्न तिथे जसेच्या तसे लावणं मला पटत नाही.

समुद्रापलीकडे, अमेरिकेत, चार्टचं दुसरं घराणं स्वतंत्रपणे वाढत होतं. १८६७ मध्ये भाव छापणारं तारयंत्र न्यूयॉर्कमध्ये आलं. चार्ल्स डाऊने १८९६ साली १२ कंपन्यांचा औद्योगिक निर्देशांक सुरू केला. आपल्या विचारांना त्याने कधी सिद्धान्त म्हटलं नाही. ते नाव मागाहून पडलं, आणि हॅमिल्टन आणि ऱ्ही या पुढच्या लेखकांनी त्याची मांडणी केली. फोर्ब्सचा अर्थसंपादक रिचर्ड शाबाकर याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकृत्यांचं वर्गीकरण केलं: त्रिकोण, झेंडे, दुहेरी शिखर, हेड अँड शोल्डर्स (मध्ये उंच डोकं, दोन बाजूंना खांदे). १९३५ मध्ये तो तरुण वयातच वारला. त्याचा मेव्हणा रॉबर्ट एडवर्ड्स आणि जॉन मगी यांनी ते काम पुढे नेऊन १९४८ साली जे पुस्तक काढलं, त्यावर आजचे बहुतेक क्लास उभे आहेत.

ते पुस्तक मुळातून वाचलं तर त्यातल्या अटी लक्षात येतात. हेड अँड शोल्डर्समध्ये डाव्या खांद्याला व्हॉल्यूम भरपूर हवं, डोक्याला बहुधा कमी आणि उजव्या खांद्याला ठळकपणे कमी. नेकलाइन, म्हणजे डोक्याच्या दोन्ही बाजूंचे तळ जोडणारी रेघ, मोडली म्हणायची तर नुसतं स्पर्शून भागत नाही, भाव सुमारे ३ टक्के पलीकडे जाऊन बंद व्हायला हवा. त्याआधी पॅटर्न पुरा झालाच नाही. आज समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रांत तीन उंचवटे असतात, एक रेघ असते आणि खाली बाण असतो. व्हॉल्यूमची पट्टी कापून टाकलेली असते.

जपानी परंपरेतल्या तीन डोंगरांत मधला उंच असेल तर त्याला तीन बुद्ध म्हणतात. देवळात मध्ये मोठा बुद्ध आणि दोन बाजूंना लहान मूर्ती असतात, तशी ती आकृती. म्हणजे ओसाका आणि न्यूयॉर्क या दोन बाजारांनी, एकमेकांना न विचारता, तोच आकार हेरला आणि त्याचा तोच अर्थ लावला. याचा पुरावा म्हणून फार उपयोग केला जातो: दोन खंडांत दिसलं, म्हणजे खरं असणार. मला यातून निश्चित एवढंच दिसतं, की माणसाचा डोळा दोन्हीकडे सारखाच आहे. शिकागो विद्यापीठाच्या हॅरी रॉबर्ट्सने १९५९ साली यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून वर्षभराचा खोटा बाजार तयार केला आणि त्याचा आलेख काढला. त्यात खऱ्या शेअरच्या चार्टसारखे चढउतार आले आणि हेड अँड शोल्डर्ससारखी आकृतीही दिसली. त्या आकड्यांमागे ना खरेदीदार होता ना विक्रेता.

तरीही सगळं थोतांड आहे असं म्हणून हात झटकणं योग्य नाही. अँड्र्यू लो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६२ ते १९९६ मधले अमेरिकी शेअर घेतले आणि पॅटर्न ओळखण्याचं काम माणसाऐवजी संगणकाला दिलं, म्हणजे डोळ्याची मखलाशी नको. काही पॅटर्नमध्ये पुढच्या परताव्याबद्दल थोडी माहिती खरोखर असते, असं त्यांना आढळलं. माहिती असते म्हणजे खर्च वजा जाता नफा उरतो असं नव्हे, हेही त्यांनी सांगितलं. उलट न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २००६ साली डाऊ निर्देशांकातल्या शेअरवर १९९२ ते २००२ या काळातल्या कँडल तपासल्या, तेव्हा नुसत्या कँडलवर सौदे करून काहीच हाती लागत नाही असं दिसलं. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर मला त्यात विरोध दिसत नाही. एकटी-दुकटी कँडल फार थोडं बोलते. आठवड्यांच्या चढउतारातून, व्हॉल्यूमसकट उभा राहिलेला आकार थोडं जास्त बोलतो.

कँडल जपानबाहेर आली ती फार उशिरा. निसन मेरिल लिंचमध्ये काम करत होता. एका जपानी दलाल बाईंकडे त्याने हे चार्ट पाहिले, त्यांच्या तोंडी आलेल्या अनोळखी शब्दांनी त्याचं कुतूहल जागं झालं आणि जपानी पुस्तकं भाषांतर करून घेत तो मागे लागला. डिसेंबर १९८९ मध्ये त्याचा पहिला लेख आला, १९९१ मध्ये पुस्तक. त्याच सुमारास भारतात बाजार बदलत होता. एनएसईचे समभागांचे व्यवहार नोव्हेंबर १९९४ मध्ये पडद्यावर सुरू झाले, १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटचा बाजारही संगणकावर आला. वर्तमानपत्रातले भाव बघून आलेखाच्या कागदावर हाताने रेघा ओढण्याची गरज संपली. हाताने चार्ट काढणारा रोज एक कँडल काढायचा आणि काढताना तो दिवस पुन्हा एकदा त्याच्या डोळ्यांसमोरून जायचा. पडद्यावर हजार कँडल एका सेकंदात उमटतात, आणि ॲप स्वतःच त्यावर नावाची चिठ्ठी लावून देतं. मागची-पुढची नोंद न वाचता नुसतं नाव घ्यायची सोय तिथून झाली.

ती सोय किती महागात पडते याचे आकडे बाजारनियामक सेबीने दिले आहेत. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. या सगळ्यांनी कँडल बघूनच सौदे केले असं म्हणता येणार नाही. ऑप्शनचा घसारा, दलाली, कर, मोठ्या संस्थांचे संगणक ही सगळी कारणं त्यात आहेत. पण पाच मिनिटांच्या कँडलवर साप्ताहिक ऑप्शन घेणारी मुलं मी रोज बघतो. 'हॅमर बनला, घेऊन टाक' या वाक्यात मागचा ट्रेंड नसतो, व्हॉल्यूम नसतं, पुढच्या कँडलची वाट बघणं नसतं. फक्त आकार असतो आणि त्यावर लावलेले पैसे असतात.

मागचं न बघता नुसत्या खुणेवर पैसे लावण्याची ही वाट मुंबईला नवी नाही. ओपन आणि क्लोज हे शब्द इथल्या गल्ल्यांत कँडलच्या कितीतरी आधी रुळले, ते 'आकडा' या जुगारामुळे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि त्यांवर शहरभर पैसे लागायचे. कँडलच्या बॉडीची दोन टोकं तीच ही दोन. ते भाव कापसाच्या गाठींचे होते, त्यांमागे पाऊस, पीक, गिरण्या आणि जहाजं होती, पण लावणाऱ्याला त्यांच्याशी कर्तव्य नव्हतं. १९६१ मध्ये न्यूयॉर्कचे भाव येणं थांबलं, तरी आकडा थांबला नाही. शून्य ते नऊ आकड्यांच्या चिठ्ठ्या मडक्यात घालून त्यातून ओपन आणि क्लोज काढायला सुरुवात झाली, आणि लावणाऱ्यांची गर्दी आणखी वाढली.